नेतृत्वबदलाच्या बातम्या नेमक्या कोणासाठी लिहिल्या जातात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नीटमध्ये राहणारे आणि अलीकडेच ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व घेतलेले एक गृहस्थ लिहितात, की त्यांच्या मराठी मित्रमंडळींच्या ग्रुपवर इथल्या पक्षनेतृत्वावरून रोज खडाजंगी चालते. एका गटाचं म्हणणं, इथला पंतप्रधान माध्यमसम्राट रूपर्ट मर्डोक ठरवतो. आपण शनिवारी मतदानाच्या रांगेत उभं राहून सॉसेज खायचं आणि घरी यायचं. दुसरा गट म्हणतो, नेतेच कुचकामी असतात आणि पडले की माध्यमांच्या नावानं बोटं मोडतात. तिसरे एक सद्गृहस्थ (असा एकजण प्रत्येक ग्रुपवर असतोच) म्हणतात, हे सगळं आपल्या २०२२ च्या महाराष्ट्रासारखंच आहे, फक्त गुवाहाटीचं हॉटेल नाही. प्रश्नकर्त्यांना हवंय ते एवढंच: नेता पाडण्यात माध्यमांचा हात खरोखर किती, आणि मतदाराला या सगळ्यात काही जागा आहे की नाही?

मी पत्रकार नाही आणि कोणत्या पक्षाचा कार्यकर्ताही नाही. कॅनबरात बरीच वर्षं माध्यम-निरीक्षणाच्या धंद्यात काढली. काम असं, की पहाटे उठून देशभरचे पेपर, रेडिओ आणि टीव्ही चाळायचे आणि मंत्र्यांचा चहा व्हायच्या आत त्यांच्या कार्यालयात गोषवारा पोचवायचा. दोन्ही बाजूंची कार्यालयं आमची गिऱ्हाईकं. त्यामुळे बातमी आल्यावर पहिल्या तासाभरात ती कोण वाचतं आणि कोण कोणाला फोन लावतं, हे फार जवळून पाहायला मिळालं. त्या बळावर जे सांगणार आहे, ते तुमच्या ग्रुपमधल्या पहिल्या दोन्ही गटांना आवडेल असं नाही.

माझं म्हणणं असं: नेतृत्वाच्या बातम्या मुळात मतदारासाठी लिहिलेल्याच नसतात. पेपर तुम्ही विकत घेता, पण त्या बातमीचा खरा वाचक म्हणजे पक्षाचे ऐंशी-शंभर खासदार. ते घाबरले की नेता जातो. आणि ते घाबरतात तुम्हाला, म्हणजे पुढच्या निवडणुकीत आपल्या मतदारसंघातला मतदार काय करील याला. माध्यमं त्या भीतीची दलाली करतात. दलालाचं वजन असतं, पण माल त्याचा नसतो.

आता जरा मुळापासून. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत पंतप्रधान हा शब्दच नाही. तुम्ही मत देता ते तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला. कनिष्ठ सभागृहात ज्याच्या पाठीशी बहुमत तो पंतप्रधान, आणि पक्षाचा नेता कोण हे पक्षाचे खासदार बंद दाराआड मतदान करून ठरवतात (लेबरमध्ये आता सामान्य सदस्यांचंही मत धरतात, ते पुढे येईल). इथले मुख्य पक्ष दोन, लिबरल आणि लेबर. लिबरल पक्षात त्या बैठकीला पार्टी रूम म्हणतात, लेबरमध्ये कॉकस. नेत्याची जागा रिकामी करायचा प्रस्ताव आला की त्याला स्पिल म्हणतात. इथपर्यंत भारतातल्या विधिमंडळ पक्षाच्या बैठकीपेक्षा फार वेगळं काही नाही. फरक पुढे आहे. इथं हायकमांडचा बंद लिफाफा येत नाही, मतं खरोखर मोजली जातात आणि अर्ध्या तासात आकडे बाहेर येतात. पक्षांतरबंदी कायदाही नाही. २०२४ मध्ये लेबरच्या सिनेटर फातिमा पेमन यांनी पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर पक्षाविरुद्ध मत दिलं आणि मग पक्ष सोडला. त्यांची जागा कायम राहिली, कोणी अपात्रतेचा अर्ज केला नाही. तेव्हा तिसऱ्या सद्गृहस्थांना सांगा, की इथं नेता पडतो तेव्हा बहुतेक वेळा पक्ष फुटत नाही, चिन्हावरून कोर्टकचेरी होत नाही, आणि हरलेला माजी पंतप्रधान पुढच्या आठवड्यात मागच्या बाकावर येऊन बसतो. तिथून तो काय करतो, हा वेगळा विषय.

या बैठकांमधले आकडे किती छोटे असतात ते बघा. लिबरल पक्ष विरोधात असताना, १ डिसेंबर २००९ ला, टोनी अॅबट यांनी पक्षनेते माल्कम टर्नबुल यांना ४२ विरुद्ध ४१ मतांनी हरवलं, आणि एका बहाद्दरानं मतपत्रिकेवर नुसतं ‘नो’ लिहून ठेवलं होतं. १४ सप्टेंबर २०१५ ला टर्नबुलनी पंतप्रधान झालेल्या अॅबटना ५४–४४ नं घालवलं. २४ ऑगस्ट २०१८ ला स्कॉट मॉरिसन पीटर डटनविरुद्ध ४५–४० नं जिंकले. म्हणजे तिघांनी बाजू बदलली असती, तर देशाचा पंतप्रधान दुसराच झाला असता. २०१० ते २०१८ या काळात पंतप्रधान पाच वेळा बदलला. त्यातला मतदारांनी केलेला बदल एकच, २०१३ चा. बाकी चार खासदारांनी केले.

एवढ्या छोट्या मतदारयादीसाठी जाहीर सभा घ्यावी लागत नाही. तिथं पेपरातली एक ओळ पुरते.

तशा ओळीचा एक मासला मीच रचून देतो: ‘पक्षात अस्वस्थता वाढत असली तरी तूर्त नेत्याला आव्हान देण्याचा कोणाचा विचार नाही, असं एका ज्येष्ठ खासदारानं सांगितलं.’ तुम्ही टार्नीटला ट्रेनमध्ये हे वाचलंत तर म्हणाल, काही नाही, सगळं आलबेल आहे. आमच्या गोषवाऱ्यात हीच ओळ सगळ्यात वर जायची. ‘तूर्त’ हा शब्द नेत्यासाठी असतो. ‘ज्येष्ठ’ हा शब्द कुंपणावरच्या खासदारांसाठी, की बाबांनो, हे मागच्या बाकावरच्या दोन असंतुष्टांचं काम नाही. आणि नाव नसणं हे सगळ्यांसाठी, कारण मग दिवसभर प्रत्येकजण दुसऱ्याकडे संशयानं बघतो. अशी ओळ आली की सकाळी कार्यालयांतून आम्हाला फोन यायचे. लोकांना काय वाटेल असं विचारणारा एकही नसायचा. प्रश्न ठरलेला: अजून कोणत्या पेपरात आहे, आणि कोण बोललं असेल?

याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण २०१० चं आहे. लेबरचे केव्हिन रड हे २००७ मध्ये प्रचंड लोकप्रियतेवर निवडून आलेले पंतप्रधान. एप्रिल २०१० मध्ये त्यांनी कार्बन उत्सर्जनाची योजना पुढे ढकलली, ती बातमीही फुटूनच बाहेर आली, आणि जनमत चाचण्यांत ते घसरले. २३ जूनच्या सकाळी सिडनी मॉर्निंग हेराल्डमध्ये बातमी आली, की रड यांचे कार्यालयप्रमुख खासदारांना गाठून पंतप्रधानांना अजून किती पाठिंबा आहे याचा अंदाज घेत आहेत. सामान्य वाचकाला यात काय? फार तर खालच्या चार ओळी. पण उपपंतप्रधान ज्युलिया गिलार्ड यांनी त्यातून एकच अर्थ घेतला: माझ्या निष्ठेवर यांचा विश्वास नाही. त्या दुखावल्या हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितलं. संध्याकाळी एबीसी या सार्वजनिक वाहिनीनं बंडाची बातमी दिली, तेव्हा अनेक मंत्र्यांना ती टीव्हीवरूनच कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी रड मतदानाला उभेच राहिले नाहीत आणि देशाला पहिली महिला पंतप्रधान मिळाली. रात्री झोपताना एक पंतप्रधान आणि सकाळी दुसरा, हे काय झालं ते मतदाराला कळेना. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण बातमी त्याच्यासाठी नव्हती.

आता चाचण्या. ‘द ऑस्ट्रेलियन’ या मर्डोक यांच्या राष्ट्रीय दैनिकासाठी १९८५ पासून न्यूजपोल ही जनमत चाचणी होते. रविवारी रात्री आकडे बाहेर येतात आणि सोमवारी छापले जातात. संसदेचं अधिवेशन चालू असेल तर पार्टी रूम आणि कॉकस मंगळवारी सकाळी भरतात. हे वेळापत्रक डोक्यात ठेवलंत, तर निम्मं राजकारण कळलं. साधारण दीड हजार लोकांच्या नमुन्यात अडीच टक्के इकडेतिकडे होणं हे गणिताच्याच पोटात असतं. तरी ५१ चे ५२ झाले की मथळा येतो, नेता सावरला. ४९ झाले की नेता गाळात. प्रत्यक्षात कदाचित एकाही माणसानं मत बदललेलं नसतं.

टर्नबुल यांनी २०१५ मध्ये अॅबटविरुद्ध दंड थोपटताना जाहीरपणे सांगितलं, की सरकार सलग ३० न्यूजपोल हरलं आहे. पत्रकारांना आयती पट्टी मिळाली. त्यानंतर टर्नबुल यांचा प्रत्येक न्यूजपोल त्या पट्टीवर मोजला जाऊ लागला आणि एप्रिल २०१८ मध्ये त्यांचाही तिसावा आला. त्या आठवड्यातला आमचा गोषवारा नुसत्या ‘तीस’ या आकड्यानं भरलेला होता. या गृहस्थांबद्दल मला फारशी सहानुभूती वाटत नाही. पट्टी त्यांनीच करून दिली होती.

पण म्हणून न्यूजपोलनं त्यांना पाडलं, असं म्हणता येतं का? ऑगस्ट २०१८ चा तो आठवडा जरा सावकाश बघू. सोमवारी मर्डोक यांच्या स्पर्धक फेअरफॅक्स कंपनीच्या पेपरांत इप्सॉस या संस्थेची चाचणी आली; दोन पक्षांच्या तुलनेत लेबर ५५–४५ नं पुढे. त्याच दिवशी टर्नबुलनी ऊर्जा धोरणातलं उत्सर्जनाचं लक्ष्य सोडून दिलं, कारण आपल्याच बाजूचे खासदार मतदानात विरुद्ध जाणार हे दिसत होतं. मंगळवारी पार्टी रूममध्ये त्यांनी स्वतःच जागा रिकामी जाहीर करून डटनना कोंडीत पकडलं आणि ४८–३५ नं वाचले. ३५ हा आकडा मात्र फार मोठा होता. दुसऱ्यांदा बैठक बोलवायची तर ४३ सह्यांचं पत्र आणा, नावानिशी, अशी अट त्यांनी घातली. आडून बोलणाऱ्यांना उजेडात आणायचा तो डाव होता आणि तो जवळजवळ लागूही पडला. सह्या गोळा करताना बंडवाल्यांच्या नाकी नऊ आले. त्रेचाळिसावी सही क्वीन्सलंडचे खासदार वॉरन एन्ट्श यांची. सहीशेजारी त्यांनी लिहिलं: ब्रेंडन नेल्सनसाठी. नेल्सन म्हणजे २००८ मध्ये टर्नबुलनी हटवलेले विरोधी पक्षनेते. दहा वर्षांपूर्वीची उधारी त्या कागदावर चुकती झाली. ही असली गोष्ट कोणत्याही संपादकाच्या हातात नसते. चाचण्या, संध्याकाळी स्काय न्यूज वाहिनीवर चालणारा दंगा, रेडिओवरचे ठणाणा करणारे निवेदक हे सगळं खरं; पण त्यात धोरणावरचा खरा मतभेद आणि जुने हिशेबही मिसळलेले असतात. आणि हिशेब कोणाचे बाकी आहेत, हे पेपरापेक्षा पक्षातल्यांनाच जास्त ठाऊक असतं.

आता मर्डोक. तुमच्या पहिल्या गटाची तक्रार हवेतली नाही. त्यांच्या न्यूज कॉर्प कंपनीकडे द ऑस्ट्रेलियन, सिडनीचा डेली टेलिग्राफ, मेलबर्नचा हेराल्ड सन, ब्रिस्बेनचा कुरिअर-मेल, अॅडलेडचा अॅडव्हर्टायझर आणि वर स्काय न्यूज आहे. ब्रिस्बेन आणि अॅडलेडमध्ये शहराचा म्हणावा असा छापील दैनिक पेपर तोच एक. २०१३ च्या निवडणुकीच्या पहिल्याच दिवशी डेली टेलिग्राफनं पहिल्या पानावर, तेव्हा पुन्हा पंतप्रधान असलेल्या रड यांच्या फोटोसह, ‘या टोळीला हाकला’ अशा अर्थाचा मथळा छापला होता. तिथं बातमी आणि अग्रलेख यांच्यामधली रेघच पुसली होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तर नाइन वाहिनीच्या ख्रिस उलमन यांनी थेट प्रक्षेपणातच सांगितलं, की न्यूज कॉर्प आणि २जीबी रेडिओ यांच्यातले काहीजण वार्तांकन करत नसून स्वतः खेळात उतरले आहेत. २०२० मध्ये रड यांनी माध्यमांच्या मालकीची चौकशी व्हावी म्हणून संसदेकडे अर्ज दिला, त्यावर पाच लाखांहून जास्त सह्या झाल्या. टर्नबुल यांचीही होती. एकमेकांच्या उरावर बसणारे दोन माजी पंतप्रधान इथं मात्र एका बाकावर. सिनेटच्या समितीनंही चौकशीची शिफारस केली. आजवर कोणत्याही सरकारनं ती नेमलेली नाही, आणि ती का नेमली नसावी हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तरी मतपेटीकडे या. तुम्ही व्हिक्टोरियात राहता, तेव्हा उदाहरण घरचंच देतो. लेबरचे तेव्हाचे प्रीमियर (म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री) डॅनियल अँड्र्यूज यांच्यावर हेराल्ड सननं वर्षानुवर्षं तोफ डागली. कोविडच्या टाळेबंदीत तर रोज. २०१८ मध्ये अँड्र्यूज यांना ८८ पैकी ५५ जागा मिळाल्या होत्या, २०२२ मध्ये ५६. केंद्रात मे २०२५ मध्ये न्यूज कॉर्पच्या मोठ्या पेपरांचा कल लिबरल विरोधी पक्षनेते डटन यांच्याकडे होता. लेबरनं १५० पैकी ९४ जागा जिंकल्या आणि डटन यांना त्यांच्याच डिक्सन मतदारसंघानं घरी बसवलं. विरोधी पक्षनेता केंद्रीय निवडणुकीत स्वतःची जागा हरण्याची ही देशातली पहिलीच वेळ. मर्डोक पंतप्रधान ठरवत असता, तर हे आकडे आले नसते.

यामागे एक साधं कारण आहे, ज्याकडे आपल्या लोकांचं लक्ष जात नाही. इथं मतदान सक्तीचं आहे. १९२४ पासून. नाही केलंत तर २० डॉलरचा दंड. त्यामुळे साधारण ९० टक्के लोक मत देतात आणि त्यातल्या पुष्कळांनी वर्षभरात राजकारणाची एकही बातमी धड वाचलेली नसते. त्यांना कॅनबरातल्या कुजबुजीशी देणंघेणं नाही. घराचा हप्ता, डॉक्टरची फी, मुलांचं पाळणाघर एवढ्यावर ते ठरवतात. जिथं मतदान ऐच्छिक असतं तिथं चिडलेल्या, पेपर वाचणाऱ्या माणसाचं वजन जास्त. इथं ते सौम्य होतं.

२०२२ च्या प्रचाराचा पहिला दिवस आठवा. लाँसेस्टनला पत्रकारांनी लेबरचे तेव्हाचे विरोधी पक्षनेते अँथनी अल्बनीज यांना बेरोजगारीचा दर विचारला, त्यांना सांगता आला नाही. रिझर्व्ह बँकेचा व्याजदरही नाही. ४ टक्के आणि ०.१ टक्का, एवढीच उत्तरं होती. त्या दिवशी आमच्याकडे दुसरी बातमीच नव्हती. पुढचे कित्येक दिवस पत्रकार परिषदांमध्ये असेच तोंडी परीक्षेचे प्रश्न येत राहिले; दोनच दिवसांनी ग्रीन्स पक्षाच्या अॅडम बँट यांनी एका पत्रकाराला सरळ सुनावलं, ‘गूगल कर ना, मित्रा.’ सहा आठवड्यांनी अल्बनीज पंतप्रधान झाले. बातमी खोटी नव्हती. अर्थव्यवस्था चालवू पाहणाऱ्याला हे आकडे माहीत असायलाच हवेत, असं माझं आजही मत आहे. पण मतदारानं तिला किती गुण द्यायचे ते स्वतः ठरवलं.

उलट दिशेनंही हेच घडतं. ९ ऑक्टोबर २०१२ ला गिलार्ड यांनी संसदेत विरोधी पक्षनेते अॅबट यांच्यावर स्त्रीद्वेषाचा आरोप करणारं ते पंधरा मिनिटांचं भाषण केलं. त्या दिवशी सभागृहात विषय होता सभागृहाचे अध्यक्ष पीटर स्लिपर यांना हटवण्याचा. त्यांचे अश्लील मेसेज बाहेर आले होते आणि गिलार्ड त्यांची जागा वाचवत होत्या. प्रेस गॅलरीतल्या, म्हणजे संसदेतूनच वार्तांकन करणाऱ्या, बहुतेक बड्या पत्रकारांनी दुसऱ्या दिवशी लिहिलं ते याच चष्म्यातून: डावपेच चुकला, स्लिपरला पाठीशी घातलं. त्यांचं म्हणणं सभागृहापुरतं बरोबरच होतं. तोवर भाषणाचा व्हिडिओ जगभर फिरत होता, आणि घराघरांतल्या बायकांना त्यात स्वतःचं ऑफिस आणि स्वतःचा साहेब दिसत होता. गॅलरीनं खासदारांच्या बाकावर बसून भाषण ऐकलं, बाहेरच्यांनी आपल्या घरात बसून. आमच्या गोषवाऱ्यातही त्या सकाळी गॅलरीचीच री ओढलेली होती. गोषवारा ज्यांना जायचा, त्यांना तेच हवं असायचं.

मतदार गप्प बसतो असंही नाही, तो फक्त उशिरा बोलतो. टर्नबुलना काढल्यावर त्यांच्या वेंटवर्थ मतदारसंघात ऑक्टोबर २०१८ मध्ये पोटनिवडणूक झाली. सिडनीचा पूर्व किनारा, पैशापाण्यानं सुखी वस्ती, लिबरलांचा बालेकिल्ला. तिथं डॉक्टर केरिन फेल्प्स अपक्ष म्हणून जिंकल्या आणि सरकारचं बहुमत गेलं. हरलेले लिबरल उमेदवार डेव्ह शर्मा, भारतीय वंशाचे माजी राजदूत. माणूस उत्तम, पण राग त्यांच्यावर नव्हताच. गंमत म्हणजे सात महिन्यांनी, सगळ्या चाचण्या लेबर जिंकणार म्हणत असताना, मॉरिसन ७७ जागा घेऊन परत आले, आणि शर्माही. राग संपला होता का? मला वाटतं मुरला होता. २०२२ मध्ये अशाच सुखवस्तू जागांवर अपक्ष महिला उमेदवारांनी लिबरलांना आडवं केलं. वेंटवर्थ पुन्हा गेलं, मेलबर्नचं कूयाँगही गेलं आणि तिथं अर्थमंत्री जोश फ्रायडेनबर्ग पडले.

खासदारांना हे कळलं, म्हणून नियम बदलले. लेबरमध्ये रड यांनी २०१३ मध्ये तजवीज केली, की नेता निवडताना निम्मं वजन सामान्य सदस्यांच्या मतांचं, निम्मं कॉकसचं. आणि लेबरच्या पंतप्रधानाला हटवायची प्रक्रिया सुरू करायची तर ७५ टक्के खासदारांच्या सह्या लागतील. त्याच वर्षी पहिला प्रयोग झाला: सदस्यांनी अल्बनीजना सुमारे ६० टक्के मतं दिली, कॉकसनं बिल शॉर्टनना, आणि एकूण बेरजेत शॉर्टन निसटते जिंकले. लिबरलांनी डिसेंबर २०१८ मध्ये ठरवलं, की निवडणूक जिंकलेल्या पंतप्रधानाला काढायला पार्टी रूमचं दोन तृतीयांश बहुमत लागेल. त्या दिवसापासून एकही पंतप्रधान पार्टी रूमनं किंवा कॉकसनं पाडलेला नाही. पेपर तेच, मालक तेच, न्यूजपोलही चालूच. मग बदललं काय? अर्ध्या दिवसात पंतप्रधान फिरवायची सोय गेली आणि ‘तूर्त’वाल्या ओळीला गिऱ्हाईक उरलं नाही. माध्यमांची ताकद किती, याचा यापेक्षा चांगला पुरावा माझ्याकडे नाही.

लिबरलांचा नियम फक्त पंतप्रधानाला वाचवतो, विरोधी पक्षनेत्याला नाही. म्हणून ती कुजबुज आता तिकडे सरकली आहे. आणि इथं आपण भारतीय थेट चित्रात येतो, म्हणून थोडं थांबतो.

मे २०२५ च्या पराभवानंतर सुझन ली यांनी अँगस टेलर यांना २९–२५ नं हरवलं. लिबरल पक्षाच्या पहिल्या महिला नेत्या. ३१ ऑगस्टला अनेक शहरांत स्थलांतरविरोधी मोर्चे निघाले, त्यांच्या प्रचारपत्रकांत भारतीयांचा नाव घेऊन उल्लेख होता. मग ३ सप्टेंबरला ली यांच्याच पक्षाच्या सिनेटर जॅसिंटा प्राइस एबीसीवर बोलल्या. सरकार भारतीयांना मोठ्या संख्येनं येऊ देतंय, कारण ते लेबरला मत देतात, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. देशाचं स्थलांतर धोरण भेदभाव करत नाही, असं त्यांनी नंतर निवेदन काढलं. माफी मात्र मागितली नाही. तुमच्या ग्रुपवर तेव्हा काय झालं असेल याची मला कल्पना आहे, आमच्याही झालं. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले जवळपास ६ लाख ७३ हजार लोक इथं होते, आणि सिडनीतल्या पॅरामाटा किंवा ग्रीनवेसारख्या जागांवर आपली मतं नजरेआड करण्यासारखी नाहीत.

त्या आठवड्याचं वार्तांकन दिवसागणिक पुन्हा काढून वाचा. पहिले एक-दोन दिवस प्रश्न होता: हे विधान खरं आहे का, आणि ज्यांच्याबद्दल केलं त्यांना काय वाटतं. भारतीय संघटनांचे लोक टीव्हीवर दिसले. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रश्न बदलला: ली प्राइसना आवर घालू शकतात का? प्राइस यांच्यामागे कोण? टेलर गटाचं काय म्हणणं? १० सप्टेंबरला पत्रकारांनी प्राइसना विचारलं, तुमचा ली यांच्या नेतृत्वाला पाठिंबा आहे का. त्यांनी ते पार्टी रूमवर ढकललं, आणि त्याच दिवशी ली यांनी त्यांना आघाडीच्या फळीतून, म्हणजे विरोधी पक्षाच्या छाया-मंत्र्यांतून, काढलं. म्हणजे आपल्याबद्दलच्या विधानानं आठवडाभर पद गेलं नव्हतं, नेत्यावर विश्वास न दाखवल्यावर काही तासांत गेलं. ली यांनी भारतीय समाजाची जाहीर माफी मागितली ती दुसऱ्या दिवशी. माफी मागितली हे चांगलंच, पण क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या दुखण्याची बातमी सहा-सात दिवसांत त्यांच्या खुर्चीची बातमी झाली, कारण गॅलरीला कथा सांगायची सवय आहे ती खुर्चीची.

तेव्हा ग्रुपवर कोणी ‘नेतृत्व धोक्यात’ असा स्क्रीनशॉट टाकला, की भांडण सुरू करण्याआधी तीन गोष्टी बघा. बोलणाऱ्याचं नाव छापलंय का. नाव घेऊन बोलायला लागले की प्रकरण खरं मानायचं. अधिवेशन चालू आहे का, आणि पुढचा मंगळवार किती लांब आहे. आणि पक्षाचा नियम काय सांगतो. लेबरच्या पंतप्रधानाबद्दल असली बातमी आली, तर ७५ टक्क्यांचा हिशेब करा आणि चहा प्या. लिबरल विरोधी पक्षनेत्याबद्दल आली, तर थोडी गंभीरपणे घ्या.

आणि मतदाराला जागा कुठे, या तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आहे. तुमच्या मतदारसंघाचा निकाल तिथं प्रत्येक केंद्रानिशी मिळतो. तुमच्या खासदाराची आघाडी दोन-तीन टक्क्यांची असेल, तर तो रविवारी रात्री न्यूजपोलची वाट बघत जागा असतो आणि तुमच्या पत्राला उत्तर देतो. वीस टक्क्यांची असेल, तर त्याला पेपरही हलवत नाही आणि तुम्हीही नाही. पत्र लिहाल तर स्वतःच्या शब्दांत लिहा, दोन परिच्छेदांत, आणि खाली घरचा पत्ता व पोस्टकोड घालायला विसरू नका. कार्यालयातला माणूस सगळ्यात आधी तोच बघतो, आणि मतदारसंघाबाहेरचा असेल तर पुढचं वाचतही नाही.